कळा रात्री सुरू झाल्या तर

मोंबासाहून निघालेला रेल्वेमार्ग 1899 साली एका दलदलीच्या पठारावर पोचला. पुढचा डोंगरचढ सुरू होण्याआधी इंजिनियरांनी तिथं तळ ठोकला आणि त्या तळाचंच पुढं नैरोबी झालं. हा मार्ग बांधायला हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले होते. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. शहराच्या नैर्ऋत्येला हेच रूळ आज किबेरा नावाच्या वस्तीला छेदून जातात. दोन्ही अंगांना पत्र्याच्या खोल्या, टोमॅटोचे वाटे, कोळशाच्या गोण्या, जुन्या बुटांचे ढीग. गाडीचा भोंगा ऐकू आला की भाजीवाल्या बायका टोपल्या हातभर मागं ओढतात, गाडी गेली की पुन्हा पुढं सरकवतात. बोलणं मध्ये तुटत नाही.

किबेरात दहा लाख माणसं राहतात, असं पर्यटकांना झोपडपट्टी ‘दाखवणारे’ वाटाडे अजून सांगतात. 2009च्या जनगणनेत हा आकडा 1,70,070 भरला. फुगवलेल्या आकड्यात बऱ्याच जणांची सोय असते: निधी मागणाऱ्यांची, बातमी लिहिणाऱ्यांची, फेरी विकणाऱ्यांची. खरा आकडाही काही लहान नाही.

मी वाटाड्याच्या फेरीला गेले नाही. माझ्यासोबत होती वस्तीतच राहणारी एक आरोग्य प्रवर्तक. आशाताईंना ओळखणाऱ्या मराठी माणसाला तिचं काम समजावून सांगायची गरज नाही. केनियात अशा स्वयंसेविका बरीच वर्षं होत्याच. सप्टेंबर 2023मध्ये सरकारनं एक लाखाहून अधिक जणांना नवं नाव, रक्तदाब आणि साखर मोजायची यंत्रं असलेली पिशवी आणि नोंदींसाठी मोबाइल दिला. मानधन ठरलं महिना 5,000 शिलिंग; निम्मं केंद्र सरकारनं द्यायचं, निम्मं काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारनं.

इथं बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, अमक्याची आई म्हणून. पहिलटकरणीला मग नुसतंच ‘मामा’. प्रवर्तक बाई एका दारात उभी राहिली आणि आतल्या पोटुशा मुलीला तिनं रक्तदाबाच्याही आधी विचारलं, “मामा, कळा रात्री सुरू झाल्या तर कोणाला उठवशील?”

“शेजारणीला. मग उजाडायची वाट बघीन.”

“आणि बाळानं नाही बघितली वाट?”

मुलगी हसली. प्रवर्तक बाई हसली नाही. मोटारसायकलवाल्याचा, म्हणजे बोडा बोडावाल्याचा नंबर तिनं मुलीच्या फोनमध्ये घालून दिला, त्याच्यासाठी वेगळे ठेवलेले पैसे दाखव म्हणाली, आणि ते अजून साठलेच नाहीत हे कळल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा येईन असं बजावून निघाली.

दवाखाना दूर आहे म्हणावं, तर तसंही नाही. म्बगाथीचं काउंटी रुग्णालय किबेराला अगदी लागून आहे. त्याच्या पलीकडे केनियाटा नॅशनल हॉस्पिटल, देशातलं सगळ्यात मोठं. दिवसा धडधाकट माणूस चालत जाईल. पण दिवे नसलेल्या, गटारावर फळी टाकलेल्या बोळांतून रात्री दोन वाजता कळा देणारी बाई कशी न्यायची? गाडी आत येत नाही, आणि मोठ्या रस्त्यापर्यंत जायचं तर वाटेत लुटलं जाण्याची, त्याहून वाईट होण्याची भीती. अशा वेळी जवळची म्कुंगा, म्हणजे सुईण, बरी वाटते. ती ओळखीची असते, पैसे हप्त्यानं घेते आणि अंगावर खेकसत नाही. शेवटचं कारण बायका सगळ्यात आधी सांगतात.

2020च्या मार्चमध्ये या रात्रीला सरकारी शिक्का बसला. कोविडमुळे 27 मार्चपासून संध्याकाळी सात ते पहाटे पाच अशी संचारबंदी लागली. रस्त्यावर दिसेल त्याला पोलिसांचा मार बसू लागला. जेमिमा कारियुकी या प्रसूती विभागात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं, की रात्रीच्या बाळंतिणी येईनाशा झाल्यात. आणि ज्या येतात त्या फार उशिरा, फार बिघडलेल्या अवस्थेत. तिनं समाजमाध्यमांवर हाक दिली आणि एप्रिलमध्ये ‘व्हील्स फॉर लाइफ’ सुरू झालं. फुकट फोन नंबर; पलीकडे डॉक्टर; प्रकृती गंभीर असेल तर रुग्णवाहिका आणि नसेल तर रात्रीचा परवाना मिळालेली साधी टॅक्सी. बाईला पैसे पडत नव्हते. नवं यंत्र नाही, नवी इमारत नाही. नैरोबीत आधीपासून असलेले फोन, टॅक्स्या आणि डॉक्टर एका धाग्यात ओवले, इतकंच. महामारी नसताना हे कोणाला का सुचलं नव्हतं, हा प्रश्न मात्र राहतोच.

शहरातली बाई खेड्यातल्या बाईपेक्षा सुरक्षित असते, असं आपण धरून चालतो. नैरोबीतल्या एका संस्थेनं हा समज मोडून काढला. आफ्रिकन पॉप्युलेशन अँड हेल्थ रिसर्च सेंटरची माणसं 2002च्या सुमारापासून दोन वस्त्यांत घरोघर फिरून जन्म, मृत्यू, येणं-जाणं यांची नोंद ठेवू लागली. एक वस्ती कोरोगोचो, दांडोराच्या कचरा डेपोशेजारची. दुसरी विवांदानी, औद्योगिक पट्ट्याला चिकटलेली. बाई मेली की तिच्या घरी जायचं, शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते घरच्यांच्या तोंडून ऐकायचं आणि त्यावरून डॉक्टरांनी मरणाचं कारण ठरवायचं, अशी पद्धत. 2003 ते 2005 या तीन वर्षांचा हिशेब निघाला तेव्हा दर एक लाख जिवंत जन्मांमागे 706 मातामृत्यू दिसले. त्याच सुमाराचा साऱ्या देशाचा आकडा होता 414.

त्या तीन वर्षांत या दोन वस्त्यांत 29 बायका गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या 42 दिवसांत गेल्या. प्रशिक्षित माणसाच्या हाताखाली बाळंतपण किंवा गर्भपात झालेल्या त्यांत केवळ 21 टक्के. कारणं ओळखीचीच: गर्भपातातली गुंतागुंत, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्तदाब वाढून येणारे झटके, गर्भाशय फाटणं. याशिवाय आणखी 22 जणी 42 दिवस उलटल्यावर, पण वर्षाच्या आत गेल्या, बहुतेक एड्स आणि रक्तक्षयानं. मातामृत्यूच्या सरकारी व्याख्येत त्या बसत नाहीत. त्यांची नोंद त्या घरोघर फिरणाऱ्या वहीत आहे म्हणून निदान त्या मोजल्या तरी गेल्या.

गर्भपाताचं कारण यादीत अगदी वर आहे, आणि रुग्णालयांच्या कागदांवर ते कमी दिसतं; घरच्यांना विचारलं की जास्त दिसतं. केनियाच्या 2010च्या राज्यघटनेनं आईचा जीव किंवा प्रकृती धोक्यात असेल तर गर्भपाताला मुभा दिली. पण इंग्रजांच्या काळापासूनचा फौजदारी कायदा तसाच उभा आहे, त्यामुळे परिचारिका घाबरते आणि मुलगी बोळातल्या कोणाकडे तरी जाते. या विषयावर प्रवर्तक बाई चालता चालता बोलली, कोणाच्या दारात उभी राहून नाही.

त्याच संस्थेचं आणखी एक निरीक्षण मला जास्त बोचलं. 2004-05मध्ये बाळंत झालेल्या बायकांना विचारलं तेव्हा 70 टक्के म्हणाल्या, आम्ही दवाखान्यात बाळंत झालो. ते दवाखाने तपासले तेव्हा कळलं, की प्रशिक्षित माणूस असलेल्या ठिकाणी बाळंत झालेल्या 48 टक्केच. मधल्या बायकांनी पैसे मोजले होते आणि आपण शहाणपणानं वागलो असं समजून त्या घरी गेल्या होत्या. हे दवाखाने आजही दिसतात. पत्र्याच्या खोलीवर निळ्या रंगात ‘क्लिनिक अँड मॅटर्निटी’ लिहिलेलं, खाली रक्त-लघवी तपासणीची यादी, आत एक खाट आणि पडदा. काही चांगले आहेत, निवृत्त परिचारिकांनी चालवलेले. काही निव्वळ दुकानं. बाहेरच्या पाटीवरून फरक कळत नाही. प्रवर्तक बाईला कळतो.

या अशा खोल्यांतून काय उभं राहू शकतं याचंही उदाहरण किबेरातच आहे. ताबिथा अतिएनो फेस्टो ही विधवा परिचारिका. नोकरी गेलेली, पदरी तीन मुलं. 2000च्या सुमारास राय बारकॉट नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याकडं तिनं भाजीच्या धंद्यासाठी 2,000 शिलिंग मागितले, त्या वेळचे 26 डॉलर. त्यानं दिले. पुढच्या वर्षी तो परत आला तेव्हा भाजीच्या नफ्यातून तिनं आपल्या खोलीतच दवाखाना मांडला होता. 2004च्या डिसेंबरात ताबिथा वारली. तिच्या नावाचा मोठा दवाखाना पुढं त्याच वस्तीत उभा राहिला, आता प्रसूतिगृहही आहे. ही गोष्ट बहुतेक वेळा 26 डॉलरची म्हणून सांगितली जाते. मला ती शिकलेल्या, बेकार परिचारिकेची वाटते. असे हात वस्तीत होतेच. त्यांना पगार द्यायला कोणी नव्हतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडं, पुम्वानी. इथलं प्रसूतिगृह 1926चं, गव्हर्नरच्या पत्नीच्या नावानं, लेडी ग्रिग म्हणून सुरू झालेलं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतलं सगळ्यात मोठं प्रसूतिगृह म्हणून त्याचं नाव घेतात. बाहेरच्या पदपथावर थर्मास, प्लॅस्टिकची टोपली आणि दुपटी घेऊन बसलेल्या आज्या पाहिल्या की कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाचं फाटक आठवावं. टोपल्या विकणाऱ्यांचा तिथं वेगळाच बाजार आहे.

पुम्वानीचं नाव कायद्याच्या पुस्तकातही आहे. बिल भरता आलं नाही म्हणून बाळंतिणींना वॉर्डातच अडकवून ठेवणं ही केनियात बरीच वर्षं उघड रीत होती. 2007 साली महिला वकिलांच्या फिडा केनिया या संघटनेनं एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जोडीनं बायकांच्या अशा हकिगती गोळा करून छापल्या: शिव्या, दुर्लक्ष, बिलासाठी डांबून ठेवणं. मग दोन बायका न्यायालयात गेल्या. त्यांना पुम्वानीत असं ठेवलं होतं. सप्टेंबर 2015मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मुंबी न्गुगी यांनी हे डांबून ठेवणं बेकायदा ठरवलं आणि भरपाईही द्यायला लावली. दोन गरीब बायकांनी सरकारला आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाला हरवलं. आपल्याकडं या निकालाची चर्चा झाल्याचं मला आठवत नाही, व्हायला हवी होती.

निकाल येईपर्यंत धोरण बदललं होतं. 1 जून 2013 रोजी राष्ट्राध्यक्ष उहुरू केनियाटा यांनी सरकारी ठिकाणची बाळंतपणं मोफत जाहीर केली. बायका लोटल्या. खाटा तेवढ्याच, परिचारिका तेवढ्याच, एका खाटेवर दोघी. 2016मध्ये ‘लिंडा मामा’ योजना आली, तिनं काही खासगी आणि मिशनरी दवाखानेही जोडून घेतले. वस्त्यांतही बांधकाम झालं. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सनं वीस वर्षं चालवलेलं किबेरातलं काम 2017मध्ये काउंटीकडं सोपवलं. 2020नंतर नैरोबीच्या गरीब वस्त्यांत 24 नवी आरोग्य केंद्रं बांधायचा कार्यक्रम निघाला. 2022च्या राष्ट्रीय पाहणीत देशातली 89 टक्के बाळंतपणं प्रशिक्षित माणसाच्या हातून झाल्याचं दिसलं. वीस वर्षांपूर्वी हा आकडा याच्या निम्म्यालाही नव्हता.

तरीही 2019च्या जनगणनेवरून काढलेलं मातामृत्यूचं प्रमाण लाखाला 355. महाराष्ट्राचं 2018-20चं प्रमाण 33 आहे. बायका दारापर्यंत आल्या, आत काय मिळालं?

2017 साली परिचारिका पाच महिने संपावर होत्या. त्याआधी डॉक्टर शंभर दिवस. योजना मोफत होती, पण वॉर्डाला कुलूप. संपकऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, हे प्रवर्तक बाईनंही मान्य केलं. मात्र त्या महिन्यांत सुईणींकडं पुन्हा रीघ लागली असंही ती म्हणाली.

आणि संप नसतानाही वार पडल्यावर रक्त किती गेलं, हे डोळ्यांनी अजमावणं फसवं असतं. चादरीत, कापसात, फरशीवर सांडलेलं रक्त भल्या भल्या डॉक्टरांनाही कमीच वाटतं. धोका लक्षात येईतो बाई पांढरी पडलेली असते. यावरचा एक उपाय आपल्या शेजारच्या बेळगावात तपासला गेलाय. बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची प्लॅस्टिकची चादर, खाली निमुळती पिशवी, तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा. डोळ्यांचा अंदाज आणि ही पिशवी यांची तुलना करणारा बेळगावचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. अशाच पिशवीचा आधार घेऊन केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त बायकांवर मोठी चाचणी झाली. रक्त ठरावीक रेघेला पोचलं की थांबायचं नाही. पोट चोळणं, गर्भाशय आकसायचं औषध, रक्त गोठवायला मदत करणारं औषध, सलाइन, तपासणी, सगळं एका दमात करायचं. मे 2023मध्ये निकाल आला, जोरदार रक्तस्रावाचा आणि त्यातून ओढवणाऱ्या गंभीर परिणामांचा धोका 60 टक्क्यांनी घटला होता. बेळगाव ते नैरोबी असा हा प्रवास मराठी वाचकाला माहीत असावा.

बाळंतीण घरी येते तेव्हा दुसरी अडचण उभी राहते. किबेरा, मथारे, मुकुरू अशा वस्त्यांतल्या कितीतरी बायका ‘मामा फुआ’ आहेत. सकाळी चांगल्या वस्तीच्या फाटकाबाहेर बसायचं, कोणी बोलावलं तर दिवसभर धुणं धुवायचं, संध्याकाळी रोख पैसे. बाळंतपणाची रजा ही कल्पनाच या धंद्यात नाही. चाळीस दिवसांची विश्रांती कसली, बाळंतीण पंधराव्या दिवशी फाटकाबाहेर बसलेली दिसते. मूल मग शेजारच्या खोलीत सांभाळायला ठेवायचं. कोरोगोचो आणि विवांदानीतल्या एका अभ्यासात पहिले सहा महिने केवळ आईच्या दुधावर वाढलेली मुलं जेमतेम 2 टक्के निघाली. ‘स्तनपान हेच अमृत’ अशा भित्तिपत्रकांचा इथं काय उपयोग? आईला माहीत आहे. ती दूध घेऊन दुसऱ्याच्या मोरीवर बसलेली आहे.

सांभाळायच्या खोल्याही पाहिल्या. अंधाऱ्या खोलीत दहा-बारा मुलं आणि एक बाई, असं दृश्य इथं नवं नाही. सब्रीना आणि अफझल हबीब यांनी सुरू केलेली किडोगो ही संस्था या बायकांना हटवत नाही, हे मला पटलं. ती त्यांनाच शिकवते, खोलीत उजेड, स्वच्छता, खेळणी आणि हिशेबाची वही आणते, आणि त्यांचा धंदा त्यांच्याच हातात ठेवते. आई कामावर निर्धास्त जाते, पाळणाघरवालीचं उत्पन्न सुधारतं. असे दोन फायदे एकदम देणाऱ्या योजना फार नाहीत.

मथारेत नदीकाठच्या बऱ्याच खोल्या आता नाहीत. एप्रिल-मे 2024च्या पुरानं काही नेल्या, उरलेल्या सरकारच्या बुलडोझरनं, नदीपासून 30 मीटरच्या आत म्हणून. पत्ता बदलला की बाईचं तपासणी कार्ड, ओळखीचा दवाखाना आणि प्रवर्तक बाईच्या मोबाइलमधली नोंद, तिन्ही तुटतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरपासून विम्याची जुनी व्यवस्था मोडून सोशल हेल्थ ऑथॉरिटी आली. असंघटित कामगारांनी नाव नोंदवायचं, कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणं ठरलेली रक्कम भरायची, कमीत कमी महिना 300 शिलिंग, आणि सुरुवातीला ती मागितली वर्षभराची एकदम. रोजच्या रोज कमावणाऱ्या मामा फुआकडं एकरकमी 3,600 कुठून येणार? बोडा बोडासाठी वेगळे ठेवायचे पैसे जिथं साठत नाहीत, तिथं ही रक्कम कोणी ठरवली असेल त्याला एकदा प्रवर्तक बाईबरोबर फिरवायला हवं.

माझं मत विचाराल तर नैरोबीला आणखी इमारतींची घाई नाही. रात्री धावणारी गाडी, वॉर्डात पुरेशा परिचारिका, प्रत्येक खाटेशी ती रेघांची पिशवी आणि प्रवर्तकांचं मानधन महिन्याच्या महिन्याला, या चार गोष्टींवर पैसा आधी जायला हवा. यांतली रात्रीची गाडी आणि पिशवी तर केनियात वापरून पाहिलेल्या आहेत.

आणि केनियाला जिराफ-सिंह पाहायला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना एक विनंती. नैरोबीतल्या रिकाम्या दुपारी हॉटेलवाला किबेराची फेरी सुचवील. ती घेऊ नका. तेवढेच पैसे किबेरातल्या ताबिथा दवाखान्यासारख्या ठिकाणी किंवा किडोगोसारख्या संस्थेला थेट द्या. आणि दारात बसलेल्या बाळंतिणीचा फोटो, तिनं हसून पाहिलं तरी, काढू नका.